शिवेपलीकडे कोण बघणार? शेजारच्या पालिकांनी मिळून जमिनीचं नियोजन करण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोसायट्यांच्या बैठकांत, ग्रामसभांत आणि बऱ्याचदा टपरीवर चहा पिताना कानावर आलेले हे प्रश्न आहेत. मी पुणे परिसरात राहतो, त्यामुळे उदाहरणं बहुतेक इथलीच. कायदा मात्र राज्यभर एकच आहे. कल्याण, नागपूर किंवा नाशिकच्या कडेला राहणाऱ्याला गावांची नावं बदलली तरी गोष्ट ओळखीची वाटेल.

जमीन-वापराचं नियोजन म्हणजे नेमकं काय?

कुठे घरं होतील, कुठे कारखाने, कुठे शेतीच राहील, रस्ता कुठून जाईल, शाळा आणि मैलापाणी शुद्धीकरण केंद्र कुठे बसेल, हे वीस वर्षं आधी नकाशावर ठरवणं. आपल्याकडे हे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्याखाली होतं. लोक त्याला नुसतं 'एमआरटीपी' म्हणतात.

प्रादेशिक आराखडा आणि विकास आराखडा यांत फरक काय?

प्रादेशिक आराखडा, म्हणजे बोलीतला 'आरपी', मोठ्या प्रदेशाचा असतो आणि त्यात अनेक शहरं नि शेकडो गावं येतात. त्यात मुख्य रस्ते आणि शेती, रहिवास, उद्योग, वन असे ढोबळ विभाग दाखवतात. विकास आराखडा, म्हणजे 'डीपी', एका नियोजन प्राधिकरणाच्या, म्हणजे आराखडा करणाऱ्या पालिकेच्या किंवा संस्थेच्या, हद्दीपुरता असतो आणि त्यात तुमच्या सर्व्हे नंबरावर आरक्षण आहे की नाही, म्हणजे ती जागा रस्ता, शाळा अशा सार्वजनिक कामासाठी राखली आहे का, इथपर्यंत तपशील असतो. पुणे जिल्ह्याचा आरपी १९९७ साली मंजूर झाला. त्यानंतर या परिसरात काय काय उभं राहिलं ते तुम्ही पाहताच आहात, पण बऱ्याच गावांसाठी आजही तोच नकाशा उघडला जातो.

प्रत्येक पालिकेने आपापल्या हद्दीचं नीट केलं तर शेजाऱ्याशी बोलायची गरजच काय?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो आणि विचारणारा बहुधा प्रामाणिक असतो. हद्द ही कागदावरची रेघ आहे. पाणी, माणसं, कचरा आणि धूर तिला जुमानत नाहीत.

नदीच घ्या. पवना पिंपरी-चिंचवडमधून येऊन मुळेला मिळते, मुळा पुण्यात मुठेला भेटते, आणि मुळा-मुठा पुढे भीमेत जाते. भीमेवर उजनी धरण आहे. वरच्या दोन महानगरांनी शुद्ध न करता सोडलेलं मैलापाणी शेवटी इंदापूर, करमाळा, सोलापूरच्या वाट्याला येतं. पुण्याने शुद्धीकरण केंद्र कुठे आणि केवढं बांधायचं हा निर्णय पुण्याच्या डीपीत होतो. तो आराखडा ठरत असताना उजनीकाठच्या कोणालाही त्या खोलीत खुर्ची नसते.

डोंगरांचंही तसंच. १९९७ मध्ये पुण्यात आलेल्या गावांतल्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं, म्हणजे 'बीडीपी'चं आरक्षण टाकलं, सुमारे ९७८ हेक्टरवर. त्यावरून वर्षानुवर्षं वाद झाले. पण डोंगररांग पालिकेच्या हद्दीपाशी थांबत नाही. पलीकडच्या उतारावर वेगळा नकाशा, वेगळा नियम, परवानगी देणारं कार्यालयही वेगळं. पावसाचं पाणी मात्र दोन्ही उतारांवरून खालीच येतं, आणि ओढा बुजवलेला असेल तर कोणाच्या तरी पार्किंगमध्ये शिरतं.

रस्त्यांचा अनुभव तर रोजचा. एका पालिकेच्या डीपीत चोवीस मीटरचा असलेला रस्ता हद्द संपताच बारा मीटरचा होतो, कधी समोर शेतच येतं. मी राहतो त्या भागात असाच एक रस्ता आहे. हद्दीपर्यंत डांबर, पुढे मुरूम. पावसाळ्यात दोन्हीकडची कार्यालयं एकमेकांकडे बोट दाखवतात आणि आम्ही चिखलातून स्कूटर काढतो.

हिंजवडीची एवढी चर्चा का होते?

कारण एका ठिकाणी किती मालक असू शकतात, हे तिथे उघड दिसतं. आयटी पार्क एमआयडीसीचा (महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा), म्हणून त्या जमिनीचं नियोजन एमआयडीसीकडे. भोवतालची हिंजवडी, माण, मारुंजी ही गावं ग्रामपंचायतींची, तिथली बांधकाम परवानगी पीएमआरडीएकडे, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे. शेजारचं वाकड पिंपरी-चिंचवड महापालिकेत. म्हाळुंगे-बाणेरची बाजू पुणे महापालिकेत. वाहतुकीचा पोलीस २०१८ साली झालेल्या पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाचा. शिवाजीनगरपर्यंतची सुमारे २३ किलोमीटरची मेट्रो पीएमआरडीएची, तर शहरातल्या पहिल्या दोन मार्गिका महामेट्रोच्या.

इथे कोणी काहीच केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. प्रत्येकाने आपल्या तुकड्यात काही ना काही केलं. आयटी पार्कमध्ये रुंद रस्ते आले, वाकडला उंच इमारती आल्या, ग्रामपंचायतीच्या गल्ल्यांत पीजी आणि खानावळी आल्या. फक्त लाखभर माणसं सकाळी एकाच दिशेने जाणार आहेत, हे गणित एका कागदावर कोणी मांडलं नाही.

शेजाऱ्यांनी एकत्र बसायचं, अशी कायद्यात काही तरतूद आहे का?

आहे, आणि ती थेट संविधानात आहे. ७४व्या घटनादुरुस्तीने २४३ झेडई हा अनुच्छेद आला, जून १९९३ पासून लागू झाला. दहा लाख किंवा त्याहून अधिक वस्तीच्या महानगर क्षेत्रासाठी 'महानगर नियोजन समिती' स्थापन करायची. तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य त्या क्षेत्रातल्या पालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आणि पंचायतींच्या अध्यक्षांनी आपापल्यातून निवडायचे, लोकसंख्येच्या प्रमाणात.

समितीने आराखडा करताना काय बघायचं, तेही तिथे लिहिलेलं आहे: पालिका आणि पंचायती यांच्या सामायिक हिताच्या बाबी, जागेचं समन्वयाने नियोजन, पाणी व इतर नैसर्गिक साधनांची वाटणी, पायाभूत सुविधांचा एकत्रित विकास आणि पर्यावरणाचं रक्षण. वर आपण ज्या ज्या गोष्टींवरून कपाळाला हात लावला, त्या सगळ्या या एका वाक्यात बसतात. महाराष्ट्राने त्यासाठी १९९९ साली स्वतंत्र कायदाही केला.

मग पाणी कुठे मुरतं?

समितीला स्वतःचं कार्यालय नाही, नगररचनाकारांची फौज नाही, तिजोरी नाही. आराखडा प्रत्यक्षात तयार करतं विकास प्राधिकरण, आणि समितीकडे तो मान्यतेला येतो. त्यात पंचाईत अशी की समितीचे बहुसंख्य सदस्य नगरसेवकांतून येतात. पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे कित्येक वर्षं दोन्हीकडे प्रशासक बसले. नगरसेवकच नसले तर त्यांनी निवडून द्यायची समिती कुठून चालणार?

पीएमआरडीएचं पुढे काय झालं ते बघा. सहा हजार चौरस किलोमीटरहून मोठं क्षेत्र, आठशेच्या आसपास गावं, त्यांचा प्रारूप विकास आराखडा २ ऑगस्ट २०२१ रोजी प्रसिद्ध झाला. त्यावर साठ हजारांहून अधिक हरकती आल्या. सुनावण्या झाल्या, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि २०२५ मध्ये राज्य सरकारने तो आराखडा रद्द करण्याची भूमिका घेतली. इतकी वर्षं लोकांनी आपली जमीन कोणत्या झोनमध्ये आहे हे गृहीत धरून व्यवहार केले. काहींनी त्या नकाशावर विसंबून बयाणाही दिला.

पीएमआरडीए आहे ना समन्वयाला?

३१ मार्च २०१५ ला ते स्थापन झालं, अध्यक्षस्थानी मुख्यमंत्री. रिंग रोड, मेट्रो अशी मोठी कामं अशा प्राधिकरणामुळे पुढे सरकतात हे खरं. पण ही राज्य सरकारची संस्था आहे. वरून आदेश येणं आणि शेजाऱ्यांनी आपसांत ठरवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय ते स्वतःच परवानगी देतं, विकास शुल्क घेतं, जमिनी विकसित करतं. समन्वयक म्हणून बसवलेलाच वाटणीत भागीदार असला की बाकीचे त्याच्याकडे जरा जपूनच बघतात.

मुंबईकडे हा अनुभव जुना आहे. तिथला पहिला प्रादेशिक आराखडा १९७३ सालचा, नवी मुंबईची कल्पना त्यात होती. तिकडचं असंच प्राधिकरण, एमएमआरडीए, १९७५ मध्ये आलं. त्या प्रदेशात आज नऊ महापालिका आहेत.

गावं पालिकेत घेतली की प्रश्न मिटत नाही का?

आपल्याकडे सहकार्याला पर्याय म्हणून हेच केलं जातं. शेजाऱ्याशी बोलायचं नसेल तर शेजारी उरायलाच नको. पुण्यात १९९७ मध्ये अडतीस गावं आली आणि पुढे त्यांतली काही वगळली गेली. २०१७ मध्ये अकरा, ३० जून २०२१ ला आणखी तेवीस. पुणे महापालिकेचं क्षेत्र सुमारे ५१६ चौरस किलोमीटर झालं, मुंबईपेक्षाही मोठं. वर्तमानपत्रांत त्याचं कौतुक छापून आलं.

पण त्या तेवीस गावांचं पुढे काय झालं? समाविष्ट झाली पुणे महापालिकेत, आणि दोनच आठवड्यांत शासनाने त्यांच्यासाठी विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमलं पीएमआरडीएला. म्हणजे इमारतीची परवानगी आणि तिचं शुल्क एकाकडे, त्या इमारतीला पाणी, ड्रेनेज आणि कचरागाडी देण्याची जबाबदारी दुसऱ्याकडे. त्यामागे राजकारण होतंच, ते मी इथे उगाळत बसत नाही. मात्र नियोजनाच्या अंगाने याहून विचित्र व्यवस्था शोधून सापडणार नाही. बावधन खुर्द आधीपासून शहरात, बावधन बुद्रुक २०२१ ला आलं. मधल्या काळात लोक एकाच गावाच्या दोन भागांत दोन कायदे भोगत होते, आणि नंतर एकाच पालिकेत दोन कार्यालयं.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्यालगतच्या नांदेड, किरकटवाडी परिसरात गुइलेन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले आणि संशय दूषित पाण्याकडे वळला. तेव्हा राज्याला कळलं की या भागाला शुद्धीकरण केंद्रातलं नव्हे, तर विहिरीचं क्लोरिन टाकलेलं पाणी जात होतं. हद्दवाढीला तोवर साडेतीन वर्षं झाली होती. हद्दीची अधिसूचना एका दिवसात निघते. शुद्धीकरण केंद्राला आधी जागा लागते, ती आराखड्यात राखावी लागते, आणि आराखडा कोण करणार हेच भांडण.

उरुळी देवाची आणि फुरसुंगीची कथा तर शोकांतिकाच म्हणायची. शहराचा कचरा अनेक दशकं उरुळीच्या डेपोत गेला, तेव्हा गाव हद्दीबाहेर होतं. २०१७ ला दोन्ही गावं हद्दीत आली. वाढीव मिळकतकर आला, सुविधांची वाट बघणं सुरूच राहिलं. शेवटी लोकांच्याच मागणीवरून ती बाहेर काढून २०२४ मध्ये स्वतंत्र नगरपरिषद झाली. डेपो होता तिथेच आहे.

गावाला पालिकेत जायचं नसेल तर?

हरकत नोंदवता येते, निर्णय राज्य सरकारचा असतो. कल्याण-डोंबिवलीच्या सत्तावीस गावांचं बघा: १९८३ ला आत, २००२ ला बाहेर, २०१५ ला पुन्हा आत, २०२० मध्ये त्यांतली अठरा वगळायचा निर्णय आणि तो उच्च न्यायालयात रद्द. या ये-जा करण्याच्या काळात तिथे बांधकामं थांबली नाहीत. कोणाचंच नीट लक्ष नसलेली जागा बांधकामवाल्यांना बरोबर सापडते.

शेजारी पालिका एकमेकींशी जुळवून का घेत नाहीत? अहंकार की आणखी काही?

अहंकार असतोच, पण मूळ पैशात आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, गेला आणि पालिकेच्या हातात स्वतःचं म्हणावं असं मिळकतकर आणि बांधकामाचं शुल्क उरलं. मॉल किंवा मोठी गृहयोजना ज्याच्या हद्दीत, त्याच्या तिजोरीत भर. कचरा डेपो, दफनभूमी, मैलापाणी केंद्र हे ज्याच्या हद्दीत, त्याच्या वाट्याला आंदोलन. मग प्रत्येकजण आपल्या नकाशात रहिवासी झोन वाढवतो आणि नकोशी वस्तू शिवेकडे ढकलतो. जुने नकाशे उघडून बघा: कितीतरी नकोशी आरक्षणं हद्दीच्या अगदी कडेला सापडतील. पूर्वी शिवेवर म्हसोबा असायचा, आता कचरा असतो.

अमेरिकेत मिनेसोटा राज्याने यावर १९७१ साली एक उपाय केला. मिनिआपोलिस आणि सेंट पॉल महानगरातल्या सात काउंट्यांमध्ये व्यापारी-औद्योगिक मिळकतींच्या करपात्र मूल्यात जी वाढ होते, तिचा चाळीस टक्के वाटा सामायिक साठ्यात जातो आणि सगळ्या गावांत वाटला जातो. मॉल शेजारी झाला तरी आपल्याला थोडं मिळतं, त्यामुळे ओढाताणीची धार कमी होते. आपल्याकडे अशी वाटणी करायला संविधान आडवं येत नाही. विधानसभेत कायदा करावा लागेल, आणि ज्या पालिकेकडे आज जास्त आहे तिचे आमदार तो सुखासुखी होऊ देणार नाहीत.

जमलेलं एखादं उदाहरण?

पीएमपीएमएल. पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी २००७ मध्ये एक झाल्या, खर्चाचा वाटा साठ-चाळीस. बसबद्दल तक्रारी ढीगभर असतील, माझ्याही आहेत. पण निगडीहून कात्रजला जाताना हद्दीवर बस बदलावी लागत नाही. दोन्ही महापालिकांच्या बाहेरच्या मार्गांचा तोटा कोणी सोसायचा, हा वाद मात्र अधूनमधून उगवतो.

दुसरं, डिसेंबर २०२० ची एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली. मुंबई आणि काही अपवाद वगळता राज्यभर बांधकामाचे नियम एक झाले. 'तिकडे एफएसआय (भूखंडावर किती बांधता येईल ते प्रमाण) जास्त मिळतो' म्हणून हद्द ओलांडण्याचं कारण कमी झालं. ही नियमावली शासनाने वरून लावली, शेजाऱ्यांनी आपसांत ठरवलेली नव्हे, हे लक्षात ठेवा.

पाण्याची वाटणी कोण करतं?

जलसंपदा विभाग. खडकवासला साखळीतल्या चार धरणांत मिळून सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं. त्यावर पुणे शहराचा हक्क आणि दौंड-इंदापूरच्या शेतीचा हक्क, दोन्ही. डीपीत नवी वस्ती दाखवताना तिचं पाणी कुठून येणार याचा हिशेब धरणाच्या हिशेबाशी जोडला जातोच असं नाही. न जोडल्याची किंमत टँकरच्या बिलात दिसते.

कधी याहून मोठी किंमत द्यावी लागते. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद नळाने पाणी नेण्याच्या योजनेला मावळातल्या शेतकऱ्यांचा विरोध होता, कारण नदीतून येणारं पाणी नळात गेलं तर शेतीचं काय, ही भीती. ९ ऑगस्ट २०११ ला द्रुतगती मार्गावर बऊर येथे गोळीबार झाला, तीन आंदोलकांचा जीव गेला. योजना कित्येक वर्षं ठप्प झाली. वरच्या गावाशी बोलणी आधी करायची की नळ आधी टाकायचे, हा क्रम त्यानंतर तरी कोणी विसरायला नको होता.

छावणीचा भाग?

पुणे, खडकी आणि देहू रोड ही कटक मंडळं संरक्षण मंत्रालयाखाली येतात. राज्याचा डीपी तिथे चालत नाही. नागरी वस्ती पालिकेकडे देण्याच्या हालचाली केंद्राने सुरू केल्या आहेत. हाती आदेश पडेपर्यंत एजंटच्या बोलण्यावर जाऊ नका.

हद्दीजवळ प्लॉट किंवा फ्लॅट घेतोय. काय बघू?

सातबारा आणि फेरफार तर बघालच. त्याशिवाय झोन दाखला आणि भाग नकाशा स्वतः काढा, बिल्डरने दिलेल्या झेरॉक्सवर राहू नका. नियोजन प्राधिकरण कोण हे लेखी विचारा. नकाशा मंजूर की प्रारूप हे तारखेसह तपासा, कारण प्रारूपातला झोन पुढे बदलू शकतो. जाण्यायेण्याचा रस्ता दुसऱ्या हद्दीतून येत असेल तर तिकडच्या आराखड्यातही तो आहे का बघा. बहुतेक जण हे शेवटचं करत नाहीत, आणि नेमके तिथेच अडकतात.

शेजारच्या पालिकेच्या आराखड्यावर मला हरकत घेता येते का?

येते. हरकत घ्यायला तुम्ही त्या हद्दीतले मतदार किंवा जमीनमालक असावं अशी अट नाही. प्रारूप आराखडा कलम २६ खाली प्रसिद्ध होतो. मुदत सूचनेत छापलेली असते आणि ती थोडी असते. अर्जात सर्व्हे नंबर, नकाशातल्या शीटचा क्रमांक आणि नेमकी मागणी लिहा. 'आराखडा अन्यायकारक आहे' एवढ्याने काही होत नाही. 'अमुक रस्ता आमच्या गावाच्या हद्दीवर संपतो, तो आमच्याकडच्या अठरा मीटर रस्त्याला जोडावा' असं लिहिलं की सुनावणीत त्यावर बोलावंच लागतं. पोच घ्या. सुनावणी नियोजन समितीपुढे होते. पालिकेच्या बाबतीत तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि शासनाच्या बाजूने नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात.

माझ्या जमिनीवर आरक्षण पडलं आणि वर्षानुवर्षं घेतच नाहीत. मग?

आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर कलम १२७ खाली खरेदी सूचना देता येते. त्यानंतर प्राधिकरणाला चोवीस महिने असतात. तेवढ्यातही काही झालं नाही तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. वकील गाठा. सूचनेच्या मजकुरात चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून.

टीपी स्कीमने हे सुटेल का?

नगररचना योजनेत मालकांच्या जमिनी एकत्र करून रस्ते, उद्यानं काढतात आणि उरलेले आखीव भूखंड मालकांना परत देतात. मुंबई प्रांतात हा कायदा १९१५ पासून आहे, म्हणजे कल्पना शंभरी ओलांडलेली. पीएमआरडीएने म्हाळुंगे-माण इथे सुमारे अडीचशे हेक्टरवर अशी योजना हाती घेतली. जमीन संपादनाचा कज्जा टळतो, हा मोठा फायदा. पण योजना एका प्राधिकरणाच्या हद्दीत राहते. दोन हद्दींवर पसरलेल्या ओढ्याचं काय, याचं उत्तर तिच्यात मिळणार नाही.

आमची ग्रामपंचायत छोटी आहे. ती या सगळ्यात काय करू शकते?

वाटतं त्यापेक्षा जास्त. ग्रामसभेत ठराव करून शिवेलगतच्या ओढ्यांचे प्रवाह, पाणंद रस्ते आणि गायरानं यांचा गाव नकाशावर रंगवलेला कागद तयार ठेवा. आराखड्याची सूचना निघाली की तोच हरकतीला जोडा, आणि पलीकडच्या गावालाही त्याची प्रत द्या. दोन गावांनी एकच मागणी केली की वजन वाढतं. आमच्याजवळच्या दोन ग्रामपंचायतींनी एका पाणंदीसाठी असं केलं. त्याआधी दोन्हीकडच्या भावकीत बांधावरून कोर्टकचेरी चालू होती. पाणंद अजून कच्चीच आहे, पण नकाशावर ती आता दोन्ही बाजूंना एकाच रुंदीची दिसते.